आयनीभवनाइतकीही ऊर्जा नसलेला इलेक्ट्रॉन डीएनए कसा तोडतो?

प्रश्न सोलापुरातल्या एका एम.एस्सी. फिजिक्सच्या विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "सर, माझ्या आत्याला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी शेक चालू आहे, सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या औषधाची सलाईन. मशीनवर ६ एमव्ही लिहिलेलं आहे. पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला १२.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, हे आम्ही शिकलोय. पण एका व्याख्यानात ऐकलं की दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्टचे, अगदी एकाहून कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉनसुद्धा डीएनएचा धागा तोडतात. ज्याच्याकडे आयनीभवनापुरतीही ऊर्जा नाही, तो एवढा मोठा रेणू कसा तोडेल? आणि हे खरं असेल तर उपचारात त्याचा काही उपयोग आहे का? आत्या विचारते, घरी आल्यावर नातवाला जवळ घेतलं तर चालेल का?"

आधी 'शेक', म्हणजे किरणोपचार, या शब्दाचा हिशोब करू. आमच्या किरणोपचार विभागात येणारे निम्मे पेशंट 'शेक' म्हणतात, बाकीचे 'लाईट' नाहीतर 'करंट'. शब्द रुळलाय, मीही तोच वापरतो, पण त्यामुळे किरणं गाठ भाजून काढतात असं सगळ्यांच्या डोक्यात बसतं. रोजची मात्रा २ ग्रे, म्हणजे किलोला २ ज्यूल. पाण्याची उष्माधारकता ४१८६ धर आणि भागाकार कर. तापमान वाढतं ०.०००५ अंश. मे महिन्यात आमच्या वेटिंग हॉलमधला पंखा बंद पडला तर पेशंट याच्या कितीतरी हजार पट तापतो. आणखी एक हिशोब मी नव्या मुलांना करायला लावतो. सत्तर किलोच्या माणसाच्या सगळ्या अंगाला एकदम ४ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर जगण्याची शक्यता साधारण निम्मी उरते. आणि एकूण ऊर्जा किती? २८० ज्यूल. गरम चहाचा एक लहान घोट पोटात गेला की तेवढी उष्णता अंगात येते. घोटाने माणूस मरत नाही, कारण चहाची ऊर्जा सगळ्या रेणूंत सारखी वाटली जाते. किरणांची ऊर्जा ढेकळांसारखी पडते, कुठे काहीच नाही आणि कुठे एकदम पंधरा-वीस इलेक्ट्रॉनव्होल्ट एकाच जागी.

आता ही ढेकळं टाकतं कोण? ६ एमव्हीच्या, म्हणजे ६० लाख व्होल्टच्या, मशीनमधून निघालेला फोटॉन, म्हणजे क्ष-किरणाचा कण, पेशीत शिरतो, एखाद्या इलेक्ट्रॉनला धक्का देतो आणि बहुतेक वेळा पुढे निघून जातो. तो इलेक्ट्रॉन लाखो इलेक्ट्रॉनव्होल्ट घेऊन सुटतो आणि वाटेत दुसऱ्या रेणूंतले इलेक्ट्रॉन उडवत जातो. उडालेल्यांतले थोडे जोरात असतात आणि ते आणखी काही उडवतात. बहुतेक मात्र गरीब असतात, ३० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आतले. सर्वांत जास्त गर्दी ९-१० च्या आसपास. जमा झालेल्या दर १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टमागे असे साधारण ५० हजार दुय्यम इलेक्ट्रॉन सुटतात.

हाच आकडा पेशीच्या केंद्रकात घालून बघ. १० मायक्रॉन व्यासाचा गोळा धरला तर १ ग्रेला त्यात सुमारे ३३ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट पडतात, म्हणजे दीड लाखाच्या वर दुय्यम इलेक्ट्रॉन. त्याच १ ग्रेला डीएनएच्या एकेरी धाग्याचे तुकडे साधारण हजार होतात आणि दुहेरी तुकडे वीस ते चाळीस. दीड लाख इलेक्ट्रॉनांपैकी फार थोड्यांच्या हातून खरं नुकसान होतं. ते नेमके कोण आणि कसे, हाच तुझा प्रश्न.

खरं तर या इलेक्ट्रॉनांच्या भावकीशी माझी रोज सकाळी गाठ पडते. पेशंट सुरू करण्याआधी ०.६ सीसीचं आयनीभवन चेंबर लावून मशीनचा आउटपुट बघतो. १ ग्रेला साधारण २० नॅनोकुलोम्ब मिळतात, म्हणजे एका करंगळीएवढ्या हवेच्या कप्प्यातून शंभर अब्जांहून जास्त इलेक्ट्रॉनांइतका विद्युतभार गोळा होतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर वर, बॅरोमीटर ९५०-९६० हेक्टोपास्कलला अडलेला, त्यामुळे दाबाची दुरुस्ती नाही लावली तर रीडिंग सरळ पाच-सहा टक्के कमी. हे सगळं नेमाने करूनही चेंबर फक्त डोकी मोजतं. कोणता इलेक्ट्रॉन किती दमलेला होता आणि शेवटी कुठे टेकला, हे त्याला कळत नाही.

आणि इथे माझी एक चूक कबूल करतो. अणुशक्तीनगरला डिप्लोमा करून आल्यावर कित्येक वर्षं मी मुलांना सांगत होतो की आयनीभवनाच्या उंबरठ्याखाली आलेला इलेक्ट्रॉन संपल्यात जमा, उरलेली ऊर्जा कंपनात आणि उष्णतेत जाते. तू जो प्रश्न विचारलास तोच मला एका मुलाने वर्गात विचारला. मी त्याला जवळपास गप्प बसवलं. घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं की माझं उत्तर जुनं झालं होतं.

ते जुनं केलं कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठातल्या लेऑन सांश यांच्या गटाने. २००० साली 'सायन्स'मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. प्रयोग सांगायला सोपा, करायला भयंकर अवघड. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूतलं डीएनएचं बंद कडं. शुद्ध केलेल्या प्लाझ्मिडचा काही रेणूंच्या जाडीचा थर टँटलमच्या पत्र्यावर चढवायचा, अतिनिर्वात पोकळीत ठेवायचा आणि ३ ते २० इलेक्ट्रॉनव्होल्टपैकी एकच एक ऊर्जा निवडून त्यावर इलेक्ट्रॉन सोडायचे. मग थर पाण्यात धुऊन घ्यायचा आणि जेलवर चालवून किती कडी तुटली ते बघायचं.

कडं तुटलं हे जेलवर कसं कळतं, ते मी वर्गात सूत घेऊन दाखवतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कोणत्याही मागाजवळ दोन पदरी सुताचा वीतभर तुकडा मिळेल. त्याला आणखी पीळ दे आणि दोन्ही टोकं एकमेकांना गाठ मार. कडं स्वतःभोवती गुंडाळून गच्च गोळा होतं. प्लाझ्मिड मुळात असंच असतं, गच्च, म्हणून जेलच्या जाळीतून भरभर पळतं. आता ब्लेडने एकच पदर काप. उरलेल्या पदराभोवती पीळ फिरून सुटतो आणि कडं सैल, मोकळं होतं. ते जाळीत अडकत अडकत सगळ्यांच्या मागे राहतं. दोन्ही पदर जवळजवळ कापले तर कडं उरतच नाही, सरळ दोरा होतो, आणि तो या दोघांच्या मध्ये कुठेतरी थांबतो. जेलवर तीन पट्टे दिसतात. कोणत्या पट्ट्यात किती डीएनए आहे यावरून एकेरी किती तुटले, दुहेरी किती तुटले, हे मोजता येतं. मागावर ताण्याचा एक दोरा तुटला तर कामगार माग थांबवून गाठ मारतो आणि पुढे जातो. पेशीही एकेरी तुटीचं तसंच करते, शेजारचा पदर बघून. दोन्ही पदर एकाच जागी गेले की बघायला नमुनाच उरत नाही.

निकाल असा आला की १२.६ च्या खूप खालीही धागे तुटत होते. पण माझ्या मते त्यातली खरी बातमी आलेखाच्या आकारात होती. नुसत्या जोराने तुटत असतं तर एका उंबरठ्यापासून आलेख चढतच गेला असता, जेवढी ऊर्जा जास्त तेवढी तूट जास्त. तसं झालं नाही. १० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास उंचवटा आला, एकेरी आणि दुहेरी दोन्ही तुटींना, आणि त्यापुढे आलेख खाली उतरला. कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनने जास्त तोडलं. पुढे २००४ साली याच गटाने आणखी खाली, ० ते ४ च्या पट्ट्यात मोजलं. तिथे दुहेरी तूट नव्हती, पण एकेरी तुटीचे दोन उंचवटे होते, ०.८ आणि २.२ इलेक्ट्रॉनव्होल्टला. असे उंचवटे दिसले की फिजिक्सवाल्याच्या तोंडी एकच शब्द येतो, अनुस्पंदन. इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेला रेणूवर बसू शकतो, इतर ऊर्जांना नाही.

सोलापूरजवळच्या पाकणी स्टेशनवर कधी उभी राहिली आहेस? वंदे भारत जाते तेव्हा फलाट हादरतो, कागद उडतात, पण उतरत कुणी नाही. पॅसेंजर येते, थांबते, आणि चार माणसं खाली उतरून गावात शिरतात. गावात काय उलथापालथ व्हायची ती उतरलेल्यांमुळे. १० इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन अर्धा नॅनोमीटर रुंदीचा डीएनएचा बेस, म्हणजे डीएनएच्या शिडीतली अर्धी पायरी, ओलांडायला एका फेम्टोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वेळ घेतो. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग कर आणि त्यातल्या एकाचे पुन्हा एक अब्ज. कार्बन-ऑक्सिजन बंधाला एकदा ताणून परत यायला तीसेक फेम्टोसेकंद लागतात, म्हणजे नुसता जाणारा इलेक्ट्रॉन अणूंना हलायलाही सवड देत नाही. पण ऊर्जा नेमकी जुळली तर तो बेसच्या रिकाम्या कक्षेत अडकतो आणि दहा, पन्नास, शंभर फेम्टोसेकंद तिथे राहतो. तेवढ्या काळापुरता तो रेणू ऋण आयन झालेला असतो. नवी कक्षा, नवी बलं, अणू सरकू लागतात. बंध पुरेसा ताणला जाईपर्यंत इलेक्ट्रॉन टिकला तर रेणू दुभंगतो. आधीच निसटला तर रेणू थोडा थरथरतो आणि विषय संपतो. १० च्या आसपासचा प्रकार जरा वेगळा आहे. तिथे येणारा इलेक्ट्रॉन रेणूतल्या एका इलेक्ट्रॉनला वर उचलतो आणि त्या भानगडीत स्वतःही अडकून बसतो. अशी अवस्था जास्त टिकते आणि तिच्यात तोडण्याइतकी शिल्लकही जास्त असते. त्यातून सुटलेला तुकडा समोरच्या पदरावर आदळून तोही तोडतो, असं दुहेरी तुटीचं एक स्पष्टीकरण आहे.

आता तुझी मुख्य हरकत, ऊर्जा आणली कुठून? बंध तोडायला तीन-साडेतीन इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि इलेक्ट्रॉनकडे ०.८. जमाखर्चात तू एक जमा विसरतेस. तुटल्यावर एक तुकडा तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ठेवतो, आणि ठेवताना त्या तुकड्याची इलेक्ट्रॉन-आसक्ती एवढी ऊर्जा मोकळी होते. कार्बन टेट्राक्लोराइड बघ. कार्बन-क्लोरीन बंधाचा खर्च साधारण ३, क्लोरीनची आसक्ती ३.६. म्हणजे इलेक्ट्रॉन शून्य ऊर्जा घेऊन आला तरी व्यवहार नफ्यातच. डीएनएच्या कण्यात फॉस्फेट आहे आणि फॉस्फेटच्या तुकड्याची आसक्ती चारच्या वर जाते. म्हणून बेसवर बसलेला मंद इलेक्ट्रॉन साखर आणि फॉस्फेटमधल्या कार्बन-ऑक्सिजन बंधाकडे सरकला की तो बंध तुटू शकतो. बेस हा फक्त उतरण्याचा फलाट, मोडतोड शेजारच्या घरात.

हा काही नवा चमत्कार नाही. जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ साली गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी इलेक्ट्रॉन-कॅप्चर डिटेक्टर बनवला तो याच गुणावर. निकेल-६३ मंद इलेक्ट्रॉनांचा प्रवाह तयार करतो. क्लोरीन असलेला कीटकनाशकाचा रेणू मधून गेला की तो इलेक्ट्रॉन गिळतो, प्रवाह पडतो आणि कागदावर शिखर उमटतं. द्राक्षं-डाळिंबांवरचे फवारणीचे अंश तपासणाऱ्यांची एक अख्खी पिढी या डिटेक्टरवर शिकली. जे यंत्र आपल्या जिल्ह्यातल्या बागायतदाराच्या मालाचं भवितव्य ठरवत होतं, तेच शास्त्र डीएनएला लागू पडतं हे कुणाच्या ध्यानात यायला चाळीस वर्षं लागली, याची मला अजून गंमत वाटते.

एक खोच मात्र ध्यानात ठेव. वायुरूपात थायमिन या सुट्या बेसवर ३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आतले इलेक्ट्रॉन सोडले की त्याच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन गळतो, आणि ऊर्जा बदलली की कोणत्या नायट्रोजनवरचा तेही बदलतं. सुंदर प्रयोग आहेत. पण डीएनएत त्या दोन नायट्रोजनांपैकी एकाला साखर जोडलेली असते, तिथे गळायला हायड्रोजनच नाही. सुट्या रेणूवरचा आकडा उचलून पेशीला चिकटवणारे लेख वाचलेस तर तिथेच थांब.

यावरून पुढची शंका येते आणि ती रास्त आहे. पोकळीतला कोरडा थर म्हणजे पेशी नव्हे. पेशीत डीएनए पाण्यात बुडालेला आणि प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. पाण्यातला मंद इलेक्ट्रॉन पिकोसेकंदाच्या, म्हणजे हजार फेम्टोसेकंदांच्या, आसपास पाण्याचे रेणू भोवती जमवून बसतो. अशा जलवेष्टित इलेक्ट्रॉनचा वर्णपट हार्ट आणि बोग यांनी १९६२ साली टिपला. दिसायला तो मोठा क्रियाशील आणि बेसला जाऊन चिकटतोही, पण धागा फारसा तोडत नाही, कारण तोवर त्याची शिल्लक संपलेली असते. म्हणजे तोडण्याची खिडकी मधल्या काळातच उघडी असते, वेग कमी झाल्यापासून ते पाण्याने घेरण्यापर्यंत. तेव्हा तो डीएनएच्या अंगाशी असला तरच उपयोग. २०१९ साली द्रवातही, पूर्ण वेढला न गेलेला इलेक्ट्रॉन न्यूक्लिओसाइडवर, म्हणजे साखर जोडलेल्या बेसवर, बसून बंध तोडतो, हे दाखवलं गेलं. माझा संशय त्याने बराच कमी केला, पण तो प्रयोगही पाण्यात नव्हे, डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये झालेला आहे.

म्हणून तुझं पुस्तक खोटं ठरत नाही. क्ष-किरणांच्या नुकसानीत हायड्रॉक्सिल रॅडिकलचा, म्हणजे पाण्याचा रेणू फुटून सुटलेल्या अतिक्रियाशील तुकड्याचा, वाटा आजही सर्वांत मोठा, सुमारे दोन-तृतीयांश, धरला जातो. तो रॅडिकल शोषून घेणारं डायमिथाइल सल्फॉक्साइड पेशींत घातलं की मरण्याचं प्रमाण तेवढं घटतं, यावरून तो अंदाज आलाय. मंद इलेक्ट्रॉन उरलेल्या हिश्श्यातला भागीदार. पण हजर नेमका वाईट जागी असतो, कारण एकाच ढेकळात रॅडिकलही असतात आणि हे इलेक्ट्रॉनही. दोन-तीन नॅनोमीटरच्या आत चार जखमा एकत्र झाल्या की दुरुस्ती करणाऱ्या एन्झाइमची फजिती होते.

उपचाराचं म्हणशील तर तुझ्या आत्याची केस या विषयाच्या अगदी जवळची आहे. आपल्या जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी आहे, देशातली पहिली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातली १,३१,७४६ बायकांची मोठी चाचणी बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने मुंबईच्या टाटा रुग्णालयासोबत केली आणि २००९ साली ती जगभर वाचली गेली. या आजारात शेकासोबत सिस्प्लॅटिन देणं १९९९ पासून रुळलं. का जमतं, याचं नेहमीचं उत्तर असं की सिस्प्लॅटिन शेजारशेजारच्या दोन ग्वानिन बेसना बांधतं, डीएनए वाकतो आणि दुरुस्ती अडते. सांश यांच्या गटाने २००८ साली त्यात भर घातली. सिस्प्लॅटिन बसलेल्या डीएनएवर मंद इलेक्ट्रॉन सोडले तर तूट वाढते, म्हणजे प्लॅटिनम इलेक्ट्रॉनला उतरायला आणखी एक सोयीचा फलाट देतं. मला ही कल्पना पटते. पण तेवढ्यावरून सलाईन आणि मशीनची वेळ मिनिटावर जुळवा असं मी कुठल्याही डॉक्टरला सांगणार नाही. ब्रोमोयुरॅसिलचं, म्हणजे थायमिनसारख्या पण ब्रोमीन असलेल्या बेसचं, उदाहरण समोर आहे. शून्याजवळच्या इलेक्ट्रॉननेही त्यातलं ब्रोमीन सुटतं, प्रयोगशाळेत पेशी किरणांना हळव्या होतात, कागदावर सगळं उत्तम. मेंदूच्या गाठींवर त्याच जातीचं औषध देऊन पाहिलं तर पेशंटच्या पदरात काही पडलं नाही.

आणि माझ्या टेबलावरचं वास्तव सांगतो. आमचं प्लॅनिंग सॉफ्टवेअर डोस मोजतं ते दोन-तीन मिलिमीटरच्या चौकटीत. डीएनए दोन नॅनोमीटर रुंद. मध्ये दहा लाख पटींचं अंतर आहे. ते भरून काढायला जिआंट-४-डीएनएसारखे प्रोग्रॅम एकेक इलेक्ट्रॉनचा माग काढतात, तेही बहुतेक पाण्यातच, आणि काही इलेक्ट्रॉनव्होल्टवर आल्यावर त्याला तिथेच बसला असं धरून सोडून देतात. नेमका जिथे हा विषय सुरू होतो तिथे. एम.एस्सी.नंतर काय करू असं पुढे विचारणार असशील, तर ही जागा रिकामी आहे.

नातवाचं. मशीनचा आवाज थांबला की शेवटचा इलेक्ट्रॉनही काही पिकोसेकंदांत कुठेतरी टेकलेला असतो आणि रॅडिकलांचा खेळ मायक्रोसेकंदात आटोपतो. ६ एमव्हीने अंग किरणोत्सारी होत नाही. पुढे आतून शेक देतील तेव्हाही इरिडियमचा दाणा काम झालं की तारेबरोबर मशीनमध्ये परत जातो. मागे राहते ती पेशींची दुरुस्ती, काही तासांची, आणि ज्यांची जमली नाही त्यांचं विभाजनाच्या वेळी मरणं, दिवसांनी-आठवड्यांनी. म्हणून जुलाब आणि लघवीची जळजळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, पहिल्या दिवशी नाही. त्या वेळी पाणी भरपूर प्यायला लाव आणि डॉक्टरांपासून काही लपवू देऊ नकोस. नातवाला आज संध्याकाळीच मांडीवर घेऊ दे.